मानशीची वही

शोकसभेत सरपंच म्हणाले, देशसेवा.
मुख्याध्यापक म्हणाले, शिस्त.
शाळेचा माईक दोनदा किंचाळून गप्प झाला
तेव्हा मागच्या बाकावरून कायतान पोदेर पुटपुटला,
"शिट्टी तेवढी त्याची खरी."

हवालदार सगुण आसोलकर, सॅपर,
वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या हाताला तीनच बोटं.
उरलेली दोन राजस्थानच्या वाळूत, एकाहत्तर साली.
विचारलं की म्हणायचे,
"होती तेव्हा तरी कुठे सतार वाजवत होतो!"

ते कोरगावात परतले तेव्हा
खाजनाचा बांध कुर्ल्यांनी पोखरला होता,
मानशीच्या फळ्या कुजलेल्या,
खारं पाणी कोरगुटाच्या मुळाशी ठाण मांडून,
आणि बांधाची सभा गणसंख्येअभावी तहकूब.
त्यांनी तहकुबी मानली नाही.
चिखल, पेंढा, काथ्या, पुन्हा चिखल.
तिसऱ्या दिवशी दोघे आले, लाजेनं.
पावसाआधी चाळीस.
लाजही कामाला लावता येते
हे मी तिथे पाहिलं.

फार गोड माणूस, असं नाही.
मानशीच्या ठेकेदाराशी सोळा वर्षं भांडण:
तो मासळीच्या लोभानं भरतीला दार उघडं ठेवी,
हे मध्यरात्री जाऊन पाडत,
पलटणीच्या हिंदीत त्याची सात कुळं उद्धरत.
मारीयानच्या तारवटी नवऱ्याचं पेन्शन
अकरा पत्रांनी आणलं,
प्रत्येकाची सुरुवात सविनय, शेवट धमकीचा.
ती नाताळाला दोदोल पाठवायची.
ह्यांना साखरेचा आजार. पोरं खायची.

पोरं.
माझा भाऊ रोहिदास, नऊ वर्षांचा,
मानशीच्या भोवऱ्यात गेला त्या दुपारी
हवालदार पेडण्याला, मामलेदार कचेरीत.
दोष त्यांचा नव्हता. कुणी दिलाही नाही.
चौदाव्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली,
वाडीतली सगळी पोरं, मुलीसुद्धा, खाडीकाठी.
कंबरेला काथ्याचा दोर,
दुसरं टोक त्या तीन बोटांत.
आई मला सोडीना.
ते आमच्या दाराशी येऊन उभे राहिले.
आत आले नाहीत, बोलले नाहीत.
ऊन पायरीवरून उंबऱ्यापर्यंत आलं.
मग आईनंच माझा फ्रॉक खोचून दिला.

बांधावर ते चालत तेव्हा
कालच्या स्वतःच्याच पावलात आजचं पाऊल ठेवत.
"काल जिथे फुटलं नाही तिथे आज फुटायचं नाही,"
एवढंच एकदा सांगितलं,
लढाईबद्दल.

वही आता माझ्याकडे आहे.
दोनशे पानी, कव्हराला कॅलेंडरचा कागद.
तिथी, भरतीची वेळ, कुठली फळी गळते.
मधेच: आज शेवटे पुष्कळ.
एका पानावर नुसतं: घुडघा.
आणि दर वर्षी वैशाख वद्य पंचमीला
एकच अक्षर, रो.
पुढे ओळ कोरी.

सभा संपली. चहा फिरला.
आज पुनव, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं,
पाणी पावणेबाराला चढणार.
मी कप ठेवला आणि निघाले.

बॅटरीच्या उजेडात बांधावर त्यांची वाळलेली पावलं,
काहींत कुर्ल्यांनी बिळं केलेली.
मी पाऊल ठेवून पाहिलं.
ढांग माझी पुरेना.
चार पावलांनंतर माझ्या अंतरानं चालू लागले.
काही फुटलं नाही.

पाण्यानं दार आपणहून लोटलं, बसलं,
खालून दुसऱ्या फळीशी मात्र बारीक धार.
पेंढा होता. काथ्या त्यांनी ठेवला होता तिथेच, खुंटीला.
हात धुऊन लिहिलं:
पौर्णिमा. खालून दुसरी.
अक्षर तिरकं आलं, पान थोडं भिजलं.
उद्या सुतार बघायला हवा.