प्रगणक

नव्वद सालच्या उन्हाळ्यात तांडापेठेत
दोनशे अठ्ठ्याऐंशी उंबऱ्यांवर
मी गेरूनं नंबर टाकले.
डोक्यावर ओला दुपट्टा, पिशवीत कांदा,
शाळेनं दिलेलं पुठ्ठ्याचं पॅड.
छत? कौलं. भिंत? मातीची.
पाणी? सरकारी नळ, तोही पहाटे चारला.
मागावरच्या बाया धोटा न थांबवता सांगायच्या.
ताकाचा पेला रिकामा करून
मी पुढची कडी वाजवायची.

आज माझी कडी वाजली.
कूलरच्या घरघरीत दुसऱ्यांदा ऐकू आली.
जाळीच्या दारापलीकडे एक पोट्टा,
गळ्यात लाल फीत, कार्डावर सिंह,
हातात टॅब, घामानं काळी पडलेली कॉलर.
"सरकारी सर्वे आहे मावशी, योजनेत नाव लावायचं."

नाव? सिंधू बारापात्रे.
माणसं? एक.
फोन नंबर? तोही दिला, सवयीनं.
"आता एक मेसेज येईल, त्यातले आकडे तेवढे सांगा."

आला. सहा आकडे.
खाली बारीक अक्षरांत: कोणालाही सांगू नका.

समोरच्या पुष्पा ढोमणेनं सांगितले होते.
अकरा हजार चारशे, नातीच्या फीचे.
घरात म्हणाली, बाजारात पडले.
मला बोलली तिसऱ्या दिवशी,
मेथी निवडताना, मेथीकडेच बघत.

मी चष्मा लावला.
"छत कशाचं लिहिलंस?"
तो टॅबमध्ये शोधू लागला.
"टॅबात नाही रे, वर बघ.
पाणी कुठून येते, काहून नाही विचारलं?
सुपरवायझर कोण तुझा? थांब, झोन ऑफिसला फोन लावते."
"नेटवर्क नाही मावशी," म्हणत
तो गल्लीच्या तोंडाशी पोचलासुद्धा.

त्याला पाणी विचारलं नाही मी.
बेचाळीस डिग्रीत दारावर आलेल्याला
पाणी न विचारण्याची ही पहिलीच वेळ.
उद्या खरी कोणी मास्तरीण येईल,
डोक्याला दुपट्टा बांधून,
आणि ही अख्खी गल्ली
तिला जाळीतूनच जा म्हणेल.

तशीच चपला सरकवून पुष्पाकडे गेले.
"एकोणीसशे तीस लाव."
"आता काय बाप्पा, पंधरा दिवस झाले."
"लाव तरी."
पलीकडून एक बाई म्हणाली, नाव सांगा.
पुष्पानं फोनवर तळवा दाबला,
माझ्याकडे बघितलं,
"सांगू का?"