डावीकडची खिडकी

ताश्कंद ते सोल :
चार हजार नऊशे किलोमीटर, थोडे इकडेतिकडे.
जाताना सहा तास,
येताना साडेसात.

"रस्ता तोच, मग येताना जास्त का?"
झोया हेगायनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं.
गाजराचा तिखट कीस तोलून विकण्यात
चाळीस वर्षं गेलेली बाई,
मापात कुणी मारलेलं तिला खपत नाही.
मुलगी म्हणाली, वर वारा असतो, आजी.
जाताना पाठीशी, येताना तोंडावर.
"म्हणजे वाऱ्यालाही ठाऊक आहे तर,"
झोया म्हणाली.
काय ठाऊक आहे, ते नाही म्हणाली.

सामान तेवीस किलो.
त्यात सहा बरण्या, टॉवेलांत गुंडाळलेल्या,
आन्सानच्या कारखान्यात
दरवाजे रंगवणाऱ्या मुलासाठी.
जागा मात्र तिनं मागून घेतली :
डावीकडची खिडकी.

एकोणीसशे सदतीसच्या शरदात
तिची आई उलट दिशेनं आली होती.
वय नऊ. मालगाडीचा डबा.
किती किलोमीटर, कुणी सांगितलं नाही.
किती दिवस, तेही दर वेळी वेगळं :
कधी तीस, कधी चाळीस,
म्हातारपणी तर म्हणायची, अजून पोचलोय कुठं.
एवढंच कधी बदललं नाही, की
बैकाल मागे पडून दोन रात्री झाल्यावर
गाडी कुठंशी थांबली
आणि शंभर दिवसही पुरे न झालेला भाऊ
आजोबांच्या कोटात गुंडाळून
खाली उतरवला.
आजोबा बिनकोटाचे परत चढले.
स्टेशनाला पाटी होती.
आईला ती लिपी येत नव्हती.

समोरच्या पडद्यावर नखाएवढं विमान.
अल्माटी गेलं, उरुमची गेलं.
झोयानं पडद्यावर बोट ठेवून मोजलं :
ते रूळ वर कुठंतरी, फार वर,
हजार, तेराशे किलोमीटर उत्तरेला.
खिडकीत पंख.
पंखाखाली ढग.
ढगाखाली दुसऱ्याच कुणाचं वाळवंट.
शेजारचा पोरगा म्हणाला, झडप ओढता का, ऊन येतंय.
तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.
भात आला, गार झाला, परत गेला.

उतरल्यावर घड्याळ चार तास पुढे.
परदेशी माणसांच्या रांगेत
अधिकाऱ्यानं कोरियनमध्ये विचारलं, किती दिवस?
तिनं आईच्या कोरियनमध्ये उत्तर दिलं.
तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला,
मग तोच प्रश्न त्यानं
इंग्रजीत विचारला.

महिन्यानं मुलगा फोनवर तिकीट काढायला बसला.
सीट कुठली घेऊ, आई?
ती रिकाम्या बरण्या पुसत होती,
झाकणांचा वास जात नव्हता.
उजवीकडची, ती म्हणाली. खिडकी.
खाली काही दिसत नाही गं तिथून, तो म्हणाला,
आणि दीड तास जास्त लागतो.

लागू दे.