न धुतलेली वाळू

हातोडी टेकवली की
चांगलं काँक्रीट टण् बोलतं.
त्सुरुको-सानच्या स्वयंपाकघराचं छत
खिडकीपासून शेगडीपर्यंत
बद्द, बद्द, बद्द.
मी खडूनं रेघ ओढत गेलो,
रेघ कुठे थांबलीच नाही.

खाली त्या कारल्याच्या चकत्या करत होत्या.
गेल्या आठवड्यात एक पोपडा पडला, म्हणाल्या,
नेमका भाताच्या वाडग्यात.
आणि हसल्या,
छतालाच भूक लागल्यासारखं.

लोखंड गंजून झिजतं, असं आपण म्हणतो.
सिमेंटच्या आत ते आधी फुगतं.
बोटाएवढी सळई मुठीएवढी जागा मागते
आणि जागा कुणी देत नाही.

मी एक कोपरा फोडला, औषध फवारलं.
कड गुलाबी झाली, बोगनवेलीसारखी.
म्हणजे काँक्रीट निरोगी.
मग भुकटी तपासून आणली:
मीठ वर जेवढं, तेवढंच खोल.
दोनशे पावलांवरच्या समुद्राचा यात दोष नाही.
घर उभं राहिलं तेच खारट.

"वाळू कुठली होती?"
सुरी थांबली.

त्या वर्षी इतोमानमध्ये जो तो घर बांधत होता.
नदीची वाळू पैसे देऊनही मिळेना.
नवऱ्यानं किनाऱ्यावरून भरून आणली, तीन ट्रक,
पोवळ्याच्या चुऱ्यासकट.
धुवायची होती. सगळे सांगत होते, धुवा.
नळाला पाणी दिवसाआड,
तेही रात्री चार तास.
नात्सुए तेव्हा वीस दिवसांची.
"तुम्हीच सांगा,
पाणी वाळूला द्यायचं
की बाळाला?"

वहीत एक रकाना असतो: कारण.
मी लिहिलं, क्लोराइड.
पुढे आकडा. आकड्यापुढे एकक.
रकाना भरला.

नात्सुए आता कावासाकीला असते, पन्नाशी ओलांडलेली.
फोनवर म्हणाली, पाडून टाका हो ते घर,
इथं माझा जीव टांगणीला लागलाय.
आवाज खणखणीत.
कुठेही बद्द नाही.

टेकू लावून झाले, मी अवजारं आवरली.
त्सुरुको-साननी हातोडीवरची धूळ पुसून दिली,
मग फडकं नळाखाली धरलं.
केव्हाच स्वच्छ झालं होतं ते.
त्यांनी पाणी वाहू दिलं.