हजारामागे अठरा

मशीन बसवायला आलेला पोर म्हणाला,
ताई, भाडं महिना साडेतीनशे
आणि हजारामागे फक्त अठरा.
'फक्त' म्हणता म्हणता त्याने
सोलकढी दुसऱ्यांदा मागितली.
वाटीचे वीस होतात. मी लावले नाहीत.

बेतीला माझी खानावळ, सहा टेबलं.
लांबलांबची माणसं येतात, खिशात एक नोट नसते.
इसवणाची थाळी, वर तिसऱ्या, वर तळलेली सुंगटं,
मग दोन बोटांत धरून कार्ड,
हुकमाचं पान टाकावं तसं.
आत रेंज येत नाही.
सांतान मशीन घेऊन बाहेर शेवग्याखाली जातो,
गिऱ्हाईक त्याच्यामागून, हात पुसत,
आणि दोघं आभाळाकडे बघत उभे राहतात,
चतुर्थीचा चंद्र शोधणाऱ्यांसारखे.

खोटं कशाला बोलू, सोय आहे.
सुट्ट्यांऐवजी गोळ्या द्याव्या लागत नाहीत.
चिकटपट्टी लावलेली पाचशेची नोट
ताटाखाली सरकवून कोणी पळत नाही.
रात्री पाण्यात बोट बुडवून मोजणं नाही.
आणि भाचा गल्ल्यावर बसला की
रोज शंभरेक कमी भरायचे,
ते आता भरत नाहीत.
त्याला मी काही बोलले नाही.
हल्ली तो येतच नाही.

सांतानला विचाराल तर गोष्ट वेगळी.
आधी बिलाच्या बशीत, बडीशेपेवर
दहा-वीस उरायचे, ते त्याचे.
आता बशीत बडीशेप असते.

आणि मासळीला उद्या नसतो.
आज जेवलेल्यांचे पैसे
उद्या दुपारी येतात, शनिवारचे सोमवारी,
अठरा कापून, त्या अठरावर कर कापून.
मालीमच्या जेटीवर पहाटे पाचला
आंतोनेताच्या पाटीतले बांगडे
तोवर थांबणार आहेत थोडेच?

तिच्याही पाटीला औंदा
काळ्या चौकड्यांचा कागद आला.
लेक कुवेतहून सुट्टीवर आला होता, त्याने लावून दिला.
खातं त्याचं. फोन त्याचा.
पहिल्या दिवशी मी चौदाशे टाकले.
ती माझ्या फोनकडे बघत राहिली,
मग आपल्या खवले लागलेल्या ओंजळीकडे.
"गेले?"
"गेले."
"खंय?"
मला सांगता येईना.
दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर
तिने बर्फ काढून ठेवला होता.
"बाय, म्हाका हातान दी," म्हणाली.

म्हणून रात्री चूल विझवली की
मी कायतानच्या बारात जाते.
त्याचं दुखणं माझ्या उलट.
पिणारे नोटाच देतात,
घरी फोन तपासणारं कोणीतरी असतं;
आणि बँक त्याच्याकडून
नोटा भरून घेण्याचेही पैसे घेते.
मी त्याला फोनवरून पाठवते,
तो मला देतो
काजूच्या फेणीचा वास लागलेला गठ्ठा.
दोनदा मोजतो: एकदा कोकणीत,
एकदा पोर्तुगीजमध्ये, बापाने शिकवलं तसं.
पोर्तुगीजमध्ये कधीकधी दहा जास्त निघतात.
मग तिसऱ्यांदा.

तुझे टक्के किती, असं मी विचारलं होतं.
बराच वेळ ग्लास पुसत राहिला.
मग म्हणाला, रोज एक बांगडा,
रवा लावून, डोकं ठेवून.

एकदा बसून हिशेब केला.
तेल धरलं, रवा धरला,
मासेमारी बंद असतानाचा भाव धरला.
कायतान मशीनपेक्षा महाग पडतो.

काल जेटीवर बांगडा नव्हता.
मी त्याला लेपी नेली.