दोन सूत कमी

मगदूमांची खिडकी पश्चिमेला.
विश्रामबागेत, दुसरा मजला,
समोर झाड नाही, नुसती पाण्याची टाकी आणि आभाळ.
चैत्रातल्या दुपारी तीनला चौकटीवर टेप धरला,
तर पत्र्याची पट्टी बोटाला चावली.

त्याआधी दारात जरा थांबलो होतो.
आतून आवाज आला : "शिकलगार का? ये.
एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात साय. दिसत न्हाईस.
पण उन्हातनं आलेला माणूस
लांबनंच गालाला लागतोय."

कुपवाडच्या फौंड्रीत बत्तीस वर्षं.
निळ्या काचेतून भट्टीत बघायचं,
लोखंडाचा रंग बघून आकडा सांगायचा :
चौदाशे वीस. चौदाशे चाळीस. ओता.
मीटर नंतर आला. तो बरोबर चालतोय का,
हे भूपाल मगदूमांना विचारायचे म्हणे.

मी म्हणालो, काका, काच बदलून ऊन थांबंल काय?

"ऊन कशाला थांबतंय.
ऊन आत येतं तवा काचेला पत्ता लागत न्हाई.
फरशीवर पडतं, गादीवर, माझ्या मांडीवर,
तिथं जिरतं. मग फरशी बोलाय लागते.
तिचा आवाज जाड. तो काचेत अडतो.
आलेलं ऊन परत जाताना ऊन राहत न्हाई, पोरा.
म्हणून तर खोली तापते."

मला काही पटलं नाही.
वीस वर्षं काच कापतोय.
पलीकडचं दिसलं की काच, एवढंच माझं शास्त्र.

मग त्यांनी तवा तापवायला लावला. रिकामा.
"गॅस काय फुकट येतोय?" म्हणत
पद्मावतीकाकूंनी तो पकडीत धरून आणला,
त्यांच्या तोंडासमोर, हातभर लांब.
माझ्याकडं पाच एमएमचा एक तुकडा होता.
तो मी मधे घालायचा, काढायचा. त्यांनी सांगायचं.

"घातलीस."
"काढलीस."
"घातलीस."
"आता नुसता हात हलवलास, काच हाय तिथंच हाय."

एकदा चुकतील म्हणून मी बराच वेळ खेळवलं.
तवा लाल नव्हता, काळाच होता,
अंधारात मला दिसलाही नसता.
त्यांच्या गालाला दिसत होता.
आणि माझ्या बोटांत तो तुकडा कोमट होत गेला.
अडवायचं म्हणजे ठेवून घ्यावंच लागतं कुठंतरी.

"मग भट्टीची आचपण अडली असंल," मी म्हणालो,
"निळ्या काचेनं."

काकू तवा घेऊन आत गेल्या.

"तव्याची अडते. चौदाशेची सगळी कुठली अडायला?
ती उन्हाची धाकटी बहीण.
दिसते थोडी, न दिसणारीच जास्त.
निळ्या काचेनं उजेड तेवढा कमी केला,
म्हणून डोळा उघडा ठेवता आला,
आणि बाकीचं सगळं येत राहिलं.
डोळ्यात तरी काय, भिंगच की. तिथं जाऊन जिरलं.
मिरजेच्या डॉक्टरला म्हटलं, काढलेलं दाखवा तरी.
तर म्हणाला, त्याचा चुरा करून ओढून घेतलाय,
दाखवण्यासारखं काय उरलं न्हाई."

मी मापं लिहिली. चहा घेतला. निघालो.
दुकानात कागद उलगडला, तर उंची
अंदाजानंच दोन सूत कमी वाटली.
लिहिताना लक्ष कुठं होतं, कुणास ठाऊक.

सात वाजता पुन्हा गेलो.
जिन्याची भिंत पश्चिमेकडची, ऊन जाऊन तास झालेला.
इकडंतिकडं बघितलं, कोणी नव्हतं.
डोळे मिटून गाल नेला भिंतीजवळ, टेकवला नाही.
वीतभर अंतरावर थांबलो.
ती बोलत होती. जाड आवाजात, दुपारचंच सगळं.

वर दारात उभा राहिलो. वाजवलं नाही.
बघू, कळतंय का.

आत रेडिओ चालू होता, खिडकी सताड उघडी असावी,
फटीतून गार हवा पायाला लागली.
आवाज काही आला नाही.
या खेपेला मी उन्हातनं आलो नव्हतो.

कडी वाजवली.