औषधवाले

सहा चाळीसला दूध तापत असतं
आणि दांडिया बाजाराच्या अंगानं तो आवाज सुरू होतो,
बिघडलेल्या स्कूटरसारखा, घशात अडकलेला.
आधी कोकिळाबेनचं कुत्रं उठतं.
मग मी.

खिडक्या पाच. तीन नीट लागतात.
चौथीचं लाकूड पुरात फुगलं ते फुगलंच,
तिच्या फटीत जुनं लुगडं कोंबते.
पाचवी न्हाणीघराची, तिला काचच नाही.
ऋजुता आतल्या खोलीत, दाराखाली ओला पंचा,
तिचा पंप माझ्या कमरेला खोचलेला
किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी.

मग धूर.
डिझेलचा वास, आणि त्याखाली काहीतरी गोडसर,
नासलेल्या बदामासारखं.
वाळत घातलेल्या पोलक्यांवर, तुळशीवर,
निवडून ठेवलेल्या, झाकायला विसरलेल्या मेथीवर.

खाली पोरं धावताहेत त्याच्यामागून हात पसरून.
मी ओरडते. कोण ऐकतंय?
आणि मला तरी ओरडायचा काय हक्क,
सत्त्याऐंशी साली आम्हीही धावलो होतो,
कोण जास्त वेळ दिसेनासं राहतं याची पैज लावून.
मी जिंकले होते.
डॉक्टर आंग्र्यांना एकदा हे सांगितलं,
ऋजुताच्या पाठीवर त्यांचा स्टेथोस्कोप होता तेव्हा.
म्हणाले, असा धागा जोडता येत नाही, ताई.
नळ्या गळ्यात टाकत म्हणाले,
तोडताही येत नाही म्हणा.

वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला:
फवारता त्याचं नाव काय, प्रमाण किती,
आदल्या दिवशी कळवाल का.
कारकुनानं शिक्का मारला. दवा छे, बेन. दवा.
त्याला काय हसू?
आपणही तेच म्हणतो, औषध मारायला आले.
एक बाटली माझ्या कपाटात, चमच्यानं द्यायची,
एक त्याच्या टाकीत,
आणि दोन्हींना शब्द एकच.

पण कोकिळाबेन.
गेल्या भाद्रपदात विश्वामित्री उतरली,
मगरी आपापल्या डोहात परत गेल्या,
पाणी मात्र राहिलं: टायरांत, कुंड्यांत,
बंद पडलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात.
धैवत सात वर्षांचा होता.
एकतीस हजार, मग चौदा, मग नऊ.
पपईची पानं तिनं माझ्याच मिक्सरमध्ये वाटली,
त्यांचा कडवटपणा भांड्याला अजून आहे,
चटणीत कधीकधी लागतो.
धुराचा आवाज आला की ती
घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडते.
तिच्या माझ्या घरात चार इंचांची भिंत.

काल मी भांडायलाच खाली उतरले.
वाक्यं जुळवून ठेवली होती, गुजरातीत,
व्याकरणासकट.
माणूस मशीन बंद करून पायरीवर बसला होता,
तोंडावर बायकोच्या साडीचा तुकडा बांधलेला,
काठ जांभळा. हातात मोजे नाहीत.
डोळे लाल.
बेन, पाणी आपशो?
तांब्या घेण्याआधी त्यानं हात धुतले,
कोपरापर्यंत, दोनदा, माझ्याकडे न बघता.
भीखाभाई. एकोणीस वर्षं हेच काम.
खोकला आला तसा तोंड फिरवून खोकला,
मग म्हणाला, बधां मच्छर थोडां मरे छे?
बाजूनी सोसायटीमां जाय.
पछी त्यांथी फोन आवे.
हसला. मीही हसले, का कोण जाणे.
जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन
जिना चढले. लिफ्टपाशी थांबून
खड्ड्यात डोकावले.
पाणी होतं. पाण्यावर डिझेलचा इंद्रधनू रंग,
आणि त्याखाली काहीतरी वळवळत होतं.

रात्रीचे अकरा.
भिंतीपलीकडे कोकिळाबेन खिडक्या लावतेय,
एक, दोन, कडी अडकते, तीन.
मी माझ्या उघडतेय.
ऋजुता झोपलीय, छातीत बारीक शिट्टी,
मिनिटाला किती, ते घड्याळ धरून मोजते.
बावीसपर्यंत येते
आणि कानाशी एक डास,
बहुतेक बाजूच्या सोसायटीतला.
आकडा चुकतो. पुन्हा एकपासून.