हात सैल

माझं नाव वैजयंता रंगनाथ अंदुरे,
राहणार सेलू, जिल्हा परभणी,
बीएस्सी, वनस्पतिशास्त्र.
इथपर्यंत ठीक.
मग आरशातली मीच मला विचारते,
'स्वतःबद्दल आणखी काही सांगा',
आणि जीभ टाळूला चिकटते.
मागे दोरीत ओवलेल्या हिरव्या, लाल, मोरपंखी बांगड्या
पंचांसारख्या गप्प.

प्रश्न मी रिकाम्या खोक्यांवर लिहिलेत.
दोन-चारच्या खोक्यावर : पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
दोन-सहाच्या खोक्यावर : तुमची कमजोरी कोणती?
परवा बाबांनी गडबडीत दोन-चारचं खोकं गिऱ्हाइकापुढं ठेवलं.
नव्या नवरीनं मोठ्यानं वाचलं,
उत्तर तिच्या सासूनं दिलं.

पुण्याहून शिवहरदादा फोनवर सराव घेतो.
'कॉन्फिडन्स ठेव,' म्हणतो.
कुठं ठेवू दादा?
फायलीत जागा नाही,
सगळ्या मार्कमेमोच्या झेरॉक्स आहेत तिथं.

रात्री शटर ओढताना बाबा म्हणाले,
'हात दाखव.'
चाळीस वर्षं परक्या बायांचे हात धरलेला माणूस,
माझा हात धरून भिंतीकडं बघत बसला.
'थरथरायलीस काहून?
हात आखडला की बांगडी फुटतीच बघ.
मी काय जोर लावतो व्हय?
मी इचारतो, लेकरं किती, पाऊस पडला का तिकडं.
बाईचं ध्यान गेलं
की अंगठ्याखालचं हाड आपोआप आत जातं.'
'बाबा, तिथं हात नसतो, तोंड असतं.'
'एकच हाय ते,' म्हणाले
आणि कुलूप लावलं.

सकाळच्या पॅसेंजरमध्ये बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकल्या,
वाजून चुगली नको.
सातोन्याला कंपनीचा इतिहास विसरले.
परतूरला पाच वर्षं.
रांजणी गेली तेव्हा
फक्त नाव आणि जिल्हा उरला होता.

जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत,
थंडगार खोलीत अकरा जण.
कुणी कुणाकडं बघत नाही.
माझा गुडघा शिवणयंत्राच्या पायटीसारखा.
शेजारच्या मुलानं पायावर पाय टाकला
तर नव्या बुटाच्या तळाला किमतीची चिठ्ठी.
सांगावं की नाही?
सांगितलं.
तो नखानं खरवडू लागला, निघेना,
मग मी पर्समधली पिन दिली.
कुठले तुम्ही? बदनापूर.
पाऊस आहे का तिकडं?
आहे म्हणाला, पण सोयाबीनला उशिराच.
आम्ही सोयाबीनवर बोलत राहिलो
आणि माझं नाव पुकारलं तेव्हा कळलं,
गुडघा कधीचाच थांबलाय.

आत तिघं.
मधल्या चष्मेवाल्यांनी बशी पुढं सरकवली,
सोयाबीनचे दाणे, मूठभर.
'किती टक्के उगवतील?'
पाठ केलेल्या एकाही खोक्यावर हे नव्हतं.
मी दाणे बोटानं पसरले, एक भेगाळलेला बाजूला केला.
'बघून नाही सांगता येत, सर.
शंभर मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे.
आठ दिवस थांबावं लागेल.'
त्यांनी काहीतरी लिहिलं. उलटं होतं,
मला वाचता आलं नाही.

'तुमची कमजोरी?'
उत्तर तयार होतं, इंग्रजीत,
मी फार मेहनत करते असलं काहीतरी.
निघालं ते हे :
'हात थरथरतात माझे.
दाणे मोजताना नाही थरथरत.'
कडेच्या बाईंनी माझ्या हाताकडं पाहिलं.
मीही पाहिलं.
बशीच्या काठावर तो पडला होता,
रिकामा, जरा लालसर मनगटाचा.

'आठ दिवसांत कळवू.'

घरी आले तेव्हा बाबा खोकी आवरत होते.
कसं झालं, विचारलं नाही.
दोन-सहाचं उचलून म्हणाले,
'हे लागंल का आता? माल भरायचाय.'
'असू द्या,' मी म्हटलं,
'आठ दिवस.'